तोफ हाच झेंडा! शिरूर, मुंबई ते देवळाली: तोफखान्याच्या रेजिमेंटची गोष्ट

‘गोलंदाज’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? बुमराह? झहीर खान? क्रिकेट भारतात रुजण्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द आपल्याकडे वापरात होता आणि त्याचा चेंडूशी काहीच संबंध नव्हता. गोलंदाज म्हणजे तोफेतून गोळा डागणारा माणूस. हा फारसी शब्द मराठीत मुरला आणि पुढे मराठी क्रिकेटने तो उचलला.

या जुन्या अर्थाच्या गोलंदाजांची एक पलटण ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यात होती. तिच्या एका कंपनीचा स्थापना दिवस भारतीय लष्कराचा संपूर्ण तोफखाना आजही साजरा करतो. तारीख २८ सप्टेंबर, वर्ष १८२७. या दिवसाला ‘गनर्स डे’ म्हणतात.

दरवर्षी या दिवशी सोशल मीडियावर शुभेच्छांच्या पोस्ट फिरतात. पण कंपनी सरकारच्या काळातली एक तुकडी स्वतंत्र भारताच्या तोफखान्याची थोरली कशी ठरली? तोफखान्याच्या रेजिमेंटला झेंडा का नसतो? आणि मधली जवळपास पाऊणशे वर्षं भारतीयांच्या हाती मोठी तोफ का दिली जात नव्हती? जरा सविस्तर पाहू. सुरुवात जव्हारपासून करू.

जव्हारच्या राजाला नऊच तोफा का?

पालघर जिल्ह्यातलं जव्हार हे एकेकाळी मुकणे घराण्याचं संस्थान होतं. इंग्रजांच्या काळात जव्हारच्या राजाला नऊ तोफांची सलामी होती. कोल्हापूरला १९, बडोदा आणि हैदराबादला २१. राजा अधिकृत भेटीला आला की तितके बार काढायचे, असा नियम होता.

देशात साडेपाचशेहून जास्त संस्थानं होती, पण हा मान त्यांतल्या सुमारे १२० जणांनाच होता. बाकीच्यांना एकही तोफ नाही. डोंगराळ भागातल्या, उत्पन्नाने लहान अशा जव्हारला नऊ तोफा मिळणं म्हणजे तेव्हाच्या हिशेबात मोठी गोष्ट होती. सगळ्यात खालची पायरी असली तरी जव्हार त्या यादीत होतं.

सलामीची प्रथा समुद्रावरून आली असं मानलं जातं. जुन्या काळी तोफ एकदा डागली की पुन्हा भरायला वेळ लागायचा. बंदरात शिरणारं जहाज आपल्या तोफा हवेत रिकाम्या करायचं. ‘आता आमच्याकडे भरलेली तोफ नाही, आम्ही भांडायला आलेलो नाही’ असा त्याचा अर्थ. विश्वास दाखवण्याच्या या खुणेचं पुढे मान मोजण्याच्या मापात रूपांतर झालं. कोणाला किती तोफा हे इंग्रज सरकार ठरवायचं. मर्जी झाली तर आकडा वाढायचा, खप्पा झाली तर कमी व्हायचा.

ही गोष्ट लक्षात ठेवा. तोफ कोणासाठी वाजवायची आणि तोफ कोणाच्या हातात द्यायची, हे दोन्ही प्रश्न सत्तेचे होते. तोफखान्याचा पुढचा इतिहास बराचसा या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो.

आधी एक गोंधळ दूर करू: रेजिमेंट म्हणजे काय?

पायदळात रेजिमेंट म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री किंवा महार रेजिमेंट. तिच्याखाली अनेक बटालियन असतात. तोफखान्यात हाच शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि तिथेच घोळ होतो.

पहिला अर्थ: संपूर्ण तोफखाना दल. भारतात त्याचं नाव ‘रेजिमेंट ऑफ आर्टिलरी’, ब्रिटनमध्ये ‘रॉयल रेजिमेंट ऑफ आर्टिलरी’.

दुसरा अर्थ: या दलातलं एक युनिट. उदाहरणार्थ, एक फील्ड रेजिमेंट. तिच्यात साधारण तीन बॅटऱ्या असतात आणि एका बॅटरीत सहा तोफा. म्हणजे एका रेजिमेंटकडे १८ तोफा.

‘बॅटरी’ म्हणजे एकत्र लढणाऱ्या तोफांचा गट. पायदळात जशी कंपनी, तशी इथे बॅटरी. तोफखान्याच्या जवानाची पहिली निष्ठा अनेकदा बॅटरीशी असते, कारण रेजिमेंटची नावं आणि आकडे बदलत राहिले तरी बॅटऱ्या शे-दोनशे वर्षं टिकून राहिलेल्या आहेत.

ब्रिटिश तोफखान्याची सुरुवात

आधी इंग्लंडमध्ये कायमचा तोफखाना नव्हता. युद्ध आलं की तोफा आणि माणसं गोळा करायची, युद्ध संपलं की सगळ्यांना घरी पाठवायचं. २६ मे १७१६ रोजी राजा पहिला जॉर्ज याच्या आदेशाने लंडनजवळच्या वुलिच इथे तोफखान्याच्या दोन कायमस्वरूपी कंपन्या उभ्या राहिल्या. हीच रॉयल आर्टिलरीची सुरुवात.

भारतात ईस्ट इंडिया कंपनीचं स्वतःचं वेगळं सैन्य होतं. १७४८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांसाठी तोफखान्याची एकेक कंपनी उभारायचा हुकूम काढला. मुंबई इलाख्याच्या या दलाचं नाव ‘बॉम्बे आर्टिलरी’.

या मुंबईकर तोफखान्याची एक शाखा आज ब्रिटिश लष्करात आहे आणि दुसरी भारतीय लष्करात.

शिरूरला जन्मलेली ब्रिटिश बॅटरी

पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला तेव्हा कंपनीची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला पोहोचलेली कंपनीची तुकडी याच शिरूरहून निघाली होती. त्याआधी काही वर्षं, १८११ मध्ये, याच छावणीत ‘बॉम्बे हॉर्स आर्टिलरी’ची पहिली तुकडी उभी राहिली.

हॉर्स आर्टिलरी म्हणजे हलक्या तोफा घोड्यांना जोडायच्या आणि गोलंदाजांनीही घोड्यावरूनच जायचं. त्यामुळे घोडदळाच्या वेगाने तोफा पळवता येत. या तुकडीतले गोलंदाज युरोपियन होते.

१८४३ मध्ये सिंधमधल्या हैदराबादच्या लढाईत ही तुकडी होती. तिथल्या कामगिरीसाठी तिला गरुडाच्या चिन्हाचा मान मिळाला. १८५७ नंतर कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं, आणि १८६२ च्या सुमारास कंपनीचा युरोपियन तोफखाना रॉयल आर्टिलरीत विलीन झाला. शिरूरची तुकडीही त्यात गेली. ब्रिटिश लष्कराच्या रॉयल हॉर्स आर्टिलरीतली ‘एन बॅटरी, द ईगल ट्रूप’ ती हीच.

म्हणजे एका ब्रिटिश बॅटरीच्या जन्मस्थळाच्या रकान्यात घोड नदीकाठच्या शिरूरचं नाव आहे. पुणे-अहिल्यानगर रस्त्याने जाताना तिथे चहाला थांबणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

२८ सप्टेंबर १८२७: गोलंदाजांची आठवी कंपनी

आता दुसरी शाखा. पेशवाई बुडाल्यावर नऊ वर्षांनी, १८२७ मध्ये, बॉम्बे फूट आर्टिलरीच्या गोलंदाज बटालियनची आठवी कंपनी उभी राहिली. यातले गोलंदाज भारतीय होते. पुढे अनेक फेररचना झाल्या, नावं आणि आकडे बदलले, ही कंपनी डोंगरी तोफखान्यात गेली आणि शेवटी ‘५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर ती भारताकडे राहिली. भारतीय तोफखान्यातली ही सर्वांत जुनी बॅटरी मानली जाते, म्हणून तिचा स्थापना दिवस तो गनर्स डे.

इथे एक फॅक्ट-चेक. ‘१८२७ मध्ये २.५ इंची तोफांनी सज्ज अशी ही बॅटरी उभी राहिली’ असं वाक्य दरवर्षी असंख्य पोस्टमध्ये दिसतं. तारीख बरोबर आहे, तोफ चुकीची आहे. २.५ इंची डोंगरी तोफ ब्रिटिश सैन्यात आली ती १८७९ च्या सुमाराला, म्हणजे बॅटरीच्या जन्मानंतर जवळपास पन्नास वर्षांनी. बॅटरीने ती नंतर वापरली. यंदा शुभेच्छा फॉरवर्ड करताना तेवढं वाक्य दुरुस्त करून टाका.

ती तोफ मात्र होती भन्नाट. तिची नळी दोन तुकड्यांत असायची. ते दोन तुकडे आणि चाकं, गाडा असे सुटे भाग वेगवेगळ्या खेचरांवर लादायचे, डोंगर चढायचा आणि वर गेल्यावर नळीचे तुकडे एकमेकांत पिळून घट्ट बसवायचे. म्हणून तिला ‘स्क्रू गन’ म्हणत. जव्हार-मोखाड्याचे घाट आणि तिथल्या पायवाटा ज्यांनी पाहिल्यात त्यांना याचं महत्त्व लगेच कळेल. जिथे चाक जात नाही तिथे तोफ न्यायची तर ती सुटी करून पाठीवरूनच न्यावी लागते.

१८५७: तोफा काढून घेतल्या

१८५७ च्या उठावात मुंबई शहर शांत राहिलं असं आपण शाळेत वाचतो. पण १५ ऑक्टोबर १८५७ रोजी आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात सय्यद हुसैन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना, उठावाचा कट केल्याच्या आरोपावरून, तोफेच्या तोंडी दिलं गेलं. ही शिक्षा मुद्दाम लोकांसमोर द्यायची असे. तोफ कोणाच्या ताब्यात आहे हे सगळ्यांना दिसावं, हाच तिचा हेतू.

उत्तरेत मात्र इंग्रजांना उलटा अनुभव आला होता. त्यांनीच शिकवलेले भारतीय गोलंदाज दिल्ली आणि लखनौला त्यांच्यावर अचूक गोळे डागत होते. उठाव मोडल्यावर सरकारने धडा घेतला तो असा की बंदूक दिली तरी चालेल, तोफ द्यायची नाही. भारतीय गोलंदाजांच्या बहुतेक तुकड्या मोडीत काढल्या. ठेवल्या त्या थोड्याच, त्यात मुंबईच्या दोन डोंगरी तुकड्या होत्या. डोंगरी तोफा लहान होत्या आणि लांब सरहद्दीवर लागत होत्या, म्हणून त्यांची भीती कमी.

त्यानंतरच्या काळात भारतात मैदानी तोफा चालवायचं काम ब्रिटिश गोलंदाजांकडेच राहिलं. भारतीय माणूस त्यांच्या गाड्या हाकायचा, जनावरं सांभाळायचा, गोळे वाहायचा. मैदानी तोफेचा नेम धरायचा अधिकार त्याला नव्हता.

नाव मुंबईचं, लढाई गॅलिपोलीची

त्या मोजक्या डोंगरी बॅटऱ्यांनी काय केलं? पहिल्या महायुद्धात २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. ‘अँझॅक डे’ म्हणून दोन्ही देश तो दिवस पाळतात. त्या दिवशी त्यांच्या मदतीला सगळ्यात आधी किनाऱ्यावर आलेल्या तोफा भारतीय होत्या: २६ व्या (जेकब्ज) माउंटन बॅटरीच्या. ही मूळची मुंबई इलाख्याची बॅटरी आणि तिचं नाव बॉम्बे आर्टिलरीचे अधिकारी जॉन जेकब यांच्यावरून पडलेलं. सोबत २१ वी (कोहाट) माउंटन बॅटरीही होती.

या बॅटऱ्यांतले गोलंदाज मात्र प्रामुख्याने पंजाबी मुसलमान आणि शीख होते. ‘लढाऊ जमाती’ ठरवून त्यांच्यातूनच भरती करायची, हे तेव्हाचं सरकारी धोरण. त्यामुळे नावात मुंबई असूनही मराठी माणूस या बॅटऱ्यांत फारसा दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात गरज वाढली तेव्हा चित्र बदललं. ‘४ मराठा अँटी-टँक रेजिमेंट’ आठव्या भारतीय डिव्हिजनसोबत इटलीच्या आघाडीवर होती.

१५ जानेवारी १९३५: मैदानी तोफ भारतीयांच्या हाती

१८५७ नंतर ७८ वर्षांनी, १५ जानेवारी १९३५ रोजी बंगळुरूला ‘ए फील्ड ब्रिगेड’ उभी राहिली. भारतीय गोलंदाजांची ही पहिली मैदानी तोफखाना ब्रिगेड. घोड्यांनी ओढायच्या तोफा आणि त्यांच्यावर नेम धरणारे हात भारतीय. प्रेमसिंग ग्यानी हे तोफखान्यात कमिशन मिळालेले पहिले भारतीय अधिकारी. पुढे त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचंही नेतृत्व केलं.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि दल झपाट्याने वाढलं. १९४५ मध्ये त्याला ‘रॉयल इंडियन आर्टिलरी’ हे नाव मिळालं. १९४७ ला फाळणीत रेजिमेंटची वाटणी झाली. १९५० ला भारत प्रजासत्ताक झाला आणि नावातला ‘रॉयल’ गेला. चिन्हावरच्या ब्रिटिश मुकुटाच्या जागी तारा आला. तोफ तशीच राहिली.

परंपरा १: तोफ हाच झेंडा

पायदळाच्या पलटणीला निशाण असतं. जुन्या लढायांत धुराळ्यात आपली पलटण कुठे आहे हे कळावं म्हणून ते उंच धरत आणि ते शत्रूच्या हाती पडणं ही सगळ्यात मोठी नामुष्की समजली जाई. तोफखान्याला असं निशाण नसतं. तिथे तोफ हेच निशाण. परेडमध्ये पायदळाच्या झेंड्याला जो मान, तो तोफखान्यात तोफेला.

हा नुसता कवायतीचा भाग वाटू शकतो. पण यासाठी माणसं मेली आहेत. १५ डिसेंबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत कोलेन्सोच्या लढाईत ब्रिटिशांच्या तोफा उघड्यावर अडकल्या. त्या परत आणायला गेलेल्यांत फ्रेडरिक रॉबर्ट्स हा तरुण लेफ्टनंट होता, बंगाल आर्टिलरीत घडलेल्या फील्डमार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांचा मुलगा. त्यात तो जखमी होऊन मरण पावला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

भारतीय तोफखान्याची सगळ्यात मोठी आठवण १९४४ ची आहे. ब्रह्मदेशात, कलादान नदीच्या खोऱ्यात, १५ आणि १६ डिसेंबरच्या सुमारास जपानी सैन्याने हवालदार उमराव सिंग यांच्या तोफेवर हल्ल्यामागून हल्ले केले. उमराव सिंग ३० माउंटन रेजिमेंटचे, मूळचे आजच्या हरियाणातल्या झज्जर भागातले. साथीदार पडले, दारूगोळा संपला, तेव्हा त्यांनी तोफ हलवायचा लोखंडी दांडा हातात घेतला आणि त्यानेच झुंज दिली. नंतर आपले सैनिक तिथे पोहोचले तेव्हा ते तोफेशेजारी जबर जखमी, बेशुद्ध पडले होते. तोफ शाबूत होती आणि त्याच दिवशी पुन्हा वापरली गेली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या सैन्याने भारतीयांच्या हाती तोफ द्यायला इतका उशीर केला होता, त्याच सैन्याने दिलेला हा सन्मान.

परंपरा २: बोधवाक्यातली खिचडी

१८३२ मध्ये ब्रिटिश राजा चौथा विल्यम याने रॉयल आर्टिलरीला ‘उबीक्वे’ हा लॅटिन शब्द बोधवाक्य म्हणून दिला. अर्थ: सर्वत्र. इतर रेजिमेंटना एकेका लढाईच्या नावाचे मानचिन्ह मिळतात. तोफखाना जवळपास प्रत्येक लढाईत असतोच, मग किती नावं लिहायची? म्हणून सगळ्यांऐवजी एकच शब्द. दुसऱ्या लॅटिन ओळीचा अर्थ साधारण असा: धर्म आणि कीर्ती नेतील तिकडे.

भारतीय तोफखान्याचं बोधवाक्य आहे ‘सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल’. ‘सर्वत्र’ संस्कृत, पुढचे शब्द फारसी-अरबी वळणाचे. म्हणजे सगळीकडे मान आणि वैभव. पहिला शब्द सरळ ‘उबीक्वे’चं भाषांतर. इंग्रजांकडून आलेला विचार आपल्या दोन परंपरांच्या शब्दांत बसवलेला आहे.

परंपरा ३: एकवीस तोफांची सलामी

संस्थानं गेली, सलामीचे आकडेही गेले. उरली ती राष्ट्रपतींसाठी आणि राष्ट्रध्वजासाठी दिली जाणारी २१ तोफांची सलामी. प्रजासत्ताक दिनी राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत २१ बार बसवायचे असतात. टीव्हीवर नुसतं धडाड-धडाड ऐकू येतं, पण मागे सेकंदाच्या भागाचं गणित असतं.

दशकानुदशके ही सलामी ब्रिटिश बनावटीच्या ‘२५ पाउंडर’ तोफांनी दिली जायची. २६ जानेवारी २०२३ पासून त्यांची जागा भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटर ‘इंडियन फील्ड गन’ने घेतली. त्याआधी १५ ऑगस्ट २०२२ ला लाल किल्ल्यावरच्या सलामीत पहिल्यांदा ‘अटॅग्ज’ ही स्वदेशी तोफ वापरली गेली. तिच्या आराखड्यात पुण्यातल्या पाषाणच्या ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेचा मुख्य वाटा आहे.

तोफखाना नेमकं करतो काय?

चित्रपटात तोफ समोर दिसणाऱ्या शत्रूवर डागतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा गोलंदाजाला लक्ष्य दिसतच नाही.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. जव्हार आणि मोखाडा यांच्यामध्ये डोंगर आहेत. रस्ता वळणावळणाचा असला तरी सरळ रेषेत अंतर पंधरा किलोमीटरच्या आत आहे. १०५ मिलिमीटर फील्ड गनचा पल्ला साधारण १७ किलोमीटर. म्हणजे जव्हारला उभी असलेली तोफ डोंगरापलीकडच्या मोखाड्यापर्यंत गोळा पोहोचवू शकते, तोफेजवळच्या कोणालाही मोखाडा न दिसता.

मग नेम कसा धरतात? काम तीन ठिकाणी वाटलेलं असतं.

• निरीक्षक अधिकारी: हा पुढे, पायदळाबरोबर असतो. लक्ष्य त्याला दिसतं. तो रेडिओवरून जागा कळवतो.

• कमांड पोस्ट: इथे हिशेब होतो. अंतर, दिशा, उंचीतला फरक, वारा, हवेचं तापमान, दारूचं तापमानसुद्धा.

• तोफेवरची तुकडी: सांगितलेल्या कोनात तोफ लावून गोळा डागते.

पहिला गोळा पडला की निरीक्षक ‘इतकं उजवीकडे, इतकं पुढे’ असं सांगतो. नेम बसला की सगळी बॅटरी एकदम डागते. आकडा चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो. म्हणून तोफखान्यात ताकदीइतकाच गणिताला मान आहे. अंगमेहनत आहेच, कारण १५५ मिलिमीटरच्या एका गोळ्याचं वजन चाळीस किलोंहून जास्त भरतं.

१९९९ च्या कारगिल युद्धात याचं महत्त्व सगळ्या देशाने पाहिलं. पायदळ शिखरं चढत असताना खालून बोफोर्स आणि इतर तोफा शत्रूचे मोर्चे झोडपत होत्या. त्या युद्धात तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. २०२२ मध्ये द्रास भागातल्या ‘पॉइंट ५१४०’ या शिखराचं नाव गोलंदाजांच्या सन्मानार्थ ‘गन हिल’ ठेवण्यात आलं.

आजच्या तोफखान्यात तोफांसोबत पिनाकासारखे रॉकेट लाँचर, क्षेपणास्त्रं, शत्रूच्या तोफा शोधणारे रडार आणि टेहळणी करणारी मानवरहित विमानंही आहेत. विमानविरोधी तोफा पूर्वी याच दलात होत्या. १९९४ मध्ये ‘आर्मी एअर डिफेन्स’ हे स्वतंत्र दल झालं.

देवळाली: गोलंदाजांची शाळा

जव्हारहून मोखाडा, त्र्यंबकेश्वर करत नाशिकला गेलं की ऐंशी-नव्वद किलोमीटरवर देवळाली. तोफखान्यातल्या माणसाला हे नाव पाठ असतं, कारण ‘स्कूल ऑफ आर्टिलरी’ इथे आहे. ही शाळा आधी आजच्या पाकिस्तानातल्या काकुलला होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती देवळालीला आली. शेजारी नाशिकरोड कॅम्पला ‘आर्टिलरी सेंटर’ आहे, तिथे नव्याने भरती झालेले जवान घडतात. असंच दुसरं केंद्र हैदराबादला आहे.

देवळालीने इंग्रजी भाषेलाही एक शब्द दिला आहे. मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक इथल्या छावणीत महिनोन्महिने जहाजाची वाट पाहत कंटाळून जायचे, काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून ‘डुलॅली’ म्हणजे वेडसर. ‘डुलॅली टॅप’ असा पूर्ण शब्दप्रयोग होता, त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप.

९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळालीतच के-९ वज्र आणि एम-७७७ या नव्या तोफा लष्करात अधिकृतपणे दाखल झाल्या. दरवर्षी इथल्या माळावर ‘तोपची’ नावाचं प्रात्यक्षिक होतं. तोपची म्हणजे पुन्हा आपला गोलंदाजच.

आणि एप्रिल २०२३ मध्ये या दलाने आणखी एक दार उघडलं. चेन्नईच्या अकादमीतून बाहेर पडलेल्या पाच महिला अधिकाऱ्यांना पहिल्यांदाच तोफखान्यात कमिशन मिळालं.

तोफेजवळ उभं राहण्याची किंमत

हे सगळं वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकच्या तोफखाना केंद्राच्या सरावात फील्ड गनमधून गोळे डागताना स्फोट झाला आणि दोन तरुण अग्निवीर मृत्युमुखी पडले. समोर शत्रू नव्हता, युद्ध नव्हतं. सराव होता.

जव्हार-मोखाड्यासह राज्यातल्या कितीतरी गावांत पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं दिसतात. भरतीची तयारी. त्यांतला एखादा उद्या नाशिकरोडला दाखल होईल. तिथे त्याला तोफ दाखवून सांगतील की हाच आपला झेंडा. या वाक्यामागे शिरूरची छावणी आहे, मुंबईचे गोलंदाज आहेत, हातातून काढून घेतलेल्या तोफा आहेत, ७८ वर्षांची वाट आहे आणि कलादानच्या खोऱ्यात दांडा घेऊन उभा राहिलेला हवालदार आहे. सरावात गेलेले ते दोघंही आहेत.

थोडक्यात लक्षात ठेवा

• गनर्स डे: २८ सप्टेंबर. मुंबईच्या गोलंदाज बटालियनच्या आठव्या कंपनीचा १८२७ मधला स्थापना दिवस.

• बोधवाक्य: सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल.

• निशाण: वेगळा झेंडा नाही, तोफ हेच निशाण.

• पहिली भारतीय मैदानी तोफखाना ब्रिगेड: १५ जानेवारी १९३५, बंगळुरू.

• महाराष्ट्रातली केंद्रं: देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी आणि नाशिकरोडचं आर्टिलरी सेंटर.

• जव्हार संस्थानाची सलामी: नऊ तोफा.

पुढच्या २८ सप्टेंबरला कोणी ‘हॅपी गनर्स डे’चा मेसेज पाठवला, तर त्याला विचारा: गोलंदाज म्हणजे कोण? बुमराहचं नाव आलं, तर ही गोष्ट त्याला पाठवा.